गोलकीपरला किती पैसे, किती वर्षं: एनएचएल संघाचा सॅलरी कॅप पहिल्यांदा मांडताना

कॅनडात आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात कळतं, की इथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची हॉकी. दुसऱ्या हिवाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी विचारतं, ‘पूलमध्ये येणार का?’ मी मिसिसागात राहतो. आमचा मित्रांचा एक पूल आहे. त्यात एनएचएलच्या, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगच्या, खऱ्या खेळाडूंचे खरे करार घेऊन आपला संघ बांधायचा आणि लीगचाच सॅलरी कॅप पाळायचा. दर सप्टेंबरला एखादा नवा भिडू येतो आणि त्याची गाडी दोन ठिकाणी हमखास अडते: कॅप म्हणजे नक्की काय, आणि गोलकीपरवर किती खर्च करायचा. त्याला जे तोंडी सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. पूल खेळायचा नसेल, आपल्या आवडत्या संघाचा जनरल मॅनेजर असं का वागतो एवढंच समजून घ्यायचं असेल, तरी पायऱ्या याच.

पायरी 1: छत किती उंच आहे ते बघा

2004-05 चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात गेला. एकही सामना झाला नाही. त्या वादातून जो समझोता निघाला त्यात सॅलरी कॅप आला. एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा याची ही कमाल मर्यादा. 2005-06 मध्ये ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26 साठी 9 कोटी 55 लाख आहे. खाली तळही आहे: 2025-26 मध्ये 7 कोटी 6 लाखांपेक्षा कमी खर्च करता येत नाही. सगळे आकडे अमेरिकन डॉलरमध्ये, कॅनडातल्या सात संघांनासुद्धा. (वेबसाइटवर आकडे मिलियनमध्ये दिसतील, एक मिलियन म्हणजे दहा लाख, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.)

आयपीएलच्या लिलावातली पर्स डोळ्यांसमोर आणली तर अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं मात्र वेगळं आहे. आयपीएलचा मोठा लिलाव आला की पाटी बरीचशी कोरी होते. इथे आठ-आठ वर्षांचे करार असतात आणि पाटी कधीच कोरी होत नाही. आज केलेली सही 2033 च्या हिशेबात दिसते.

संघात एका वेळी जास्तीत जास्त 23 जण. सामन्याला 20 जण तयार होतात, त्यांपैकी दोन गोलकीपर. उन्हाळ्यात कॅपच्या 10 टक्के वर गेलेलं चालतं, पण ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होताना आत यावंच लागतं.

पायरी 2: पगार बाजूला ठेवा, कॅप हिट लिहा

चार वर्षांचा, 2 कोटींचा करार समजा. खेळाडूला पहिल्या वर्षी 60 लाख मिळतील, मग 55, 45, 40. कॅपच्या हिशेबात मात्र चारही वर्षं 50 लाखच धरायचे. एकूण रक्कम भागिले वर्षं, हा कॅप हिट. वहीत हाच आकडा लिहायचा.

त्याच्या शेजारी अजून एक रकाना आखा: हा कॅप हिट त्या वर्षीच्या कॅपच्या किती टक्के आहे? नवे भिडू हा रकाना टाळतात आणि तिथेच फसतात. न्यूयॉर्क रेंजर्सच्या इगोर शेस्टर्किनने डिसेंबर 2024 मध्ये आठ वर्षांचा, 9 कोटी 20 लाखांचा करार केला. वर्षाला 1 कोटी 15 लाख, तोवर कुठल्याही गोलकीपरला इतके मिळाले नव्हते. पण कॅपशी ताडून बघा. 2025-26 मध्ये हे 12 टक्के होतात. 2026-27 साठी कॅप 10 कोटी 40 लाख जाहीर झालाय, म्हणजे 11 टक्के. 2027-28 साठी 11 कोटी 35 लाख. म्हणजे जेमतेम 10. आता मॉन्ट्रियलचा कॅरी प्राइस बघा. 2018-19 मध्ये त्याचा कॅप हिट 1 कोटी 5 लाख आणि कॅप 7 कोटी 95 लाख. ते होतात 13 टक्क्यांच्या वर. डॉलरमध्ये शेस्टर्किन महाग, संघाच्या खिशाला प्राइस जास्त जड.

कॅप वाढतच जाईल असं धरून मात्र चालू नका. महामारीत उत्पन्न आटलं आणि 2019-20 ते 2021-22 अशी तीन वर्षं कॅप 8 कोटी 15 लाखांवर गोठून राहिला. वाढीच्या भरवशावर ज्यांनी करार केले होते त्यांना त्या काळात चांगले खेळाडू जवळजवळ फुकट सोडावे लागले.

पायरी 3: बुडीत खातं वेगळं मांडा

जे खेळाडू आता आपल्याकडे नाहीत तरीही ज्यांचे पैसे आपल्या कॅपमध्ये मोजले जातात, त्यांची यादी खेळाडूंच्या यादीच्या आधी लिहा. करार मध्येच तोडला, म्हणजे बायआउट केला, तर उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम द्यावी लागते आणि ती उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत विभागली जाते. खेळाडू 26 पेक्षा लहान असेल तर एक तृतीयांश.

मिनेसोटा वाइल्डने 2012 मध्ये झॅक पॅरिसे आणि रायन सूटर यांना एकाच दिवशी प्रत्येकी 13 वर्षांचे, 9 कोटी 80 लाखांचे करार दिले. 2021 मध्ये दोघांचेही करार तोडले. त्यानंतर 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत मिनेसोटाच्या कॅपमधले 1 कोटी 47 लाखांहून जास्त या दोन संघात नसलेल्या माणसांच्या नावावर गेले. 2024-25 मध्ये बाकीचे संघ 8 कोटी 80 लाखांत खेळत होते तेव्हा ते 7 कोटी 33 लाखांत.

गोलकीपरच्या बाबतीतही हे घडतं. रेंजर्सचा हेन्रिक लुंडक्विस्ट एवढा थोर, पण 2020 मध्ये एक वर्ष उरलेलं असताना त्याचाही करार तोडावा लागला. पुढच्या एकाच हंगामात कॅपमध्ये 55 लाख बुडीत. शेस्टर्किन तयार होऊन दाराशी उभा होता म्हणून हा घाव सोसला.

पायरी 4: गोलकीपर तोला

इथे घाई करू नका. अख्ख्या कामाचा जीव या पायरीत आहे.

सगळ्यात आधी ‘विजय’ हा रकाना झाकून ठेवा. 2023-24 मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, 38 विजय कोलोराडोच्या अलेक्झांडर जॉर्जिएव्हच्या नावावर होते. त्याच हंगामात त्याची सेव्ह टक्केवारी होती .897, म्हणजे हजार शॉट्सपैकी 897 अडवले. हे साधारणच. विजय पुढच्या आक्रमणाने मिळवून दिले होते. पुढच्या डिसेंबरपर्यंत कोलोराडोने त्याला सोडलंही.

मग सेव्ह टक्केवारी बघावी का? बघा, पण तिच्यात नशिबाचा वाटा किती आहे ते आधी हातानं मोजा. मुख्य गोलकीपर हंगामात पंचावन्न सामने खेळतो, सामन्याला अठ्ठावीस शॉट्स धरले तर सुमारे 1,500. खरी क्षमता .900 असलेल्या माणसाने 1,500 शॉट्स खेळले तर निव्वळ योगायोगाने आकडा .008 वर किंवा खाली सरकणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे तोच माणूस एका वर्षी .908 दिसेल, दुसऱ्या वर्षी .892. पहिल्या वर्षी लोक त्याला डोक्यावर घेतील, दुसऱ्या वर्षी हाकला म्हणतील. तो मात्र तोच असेल.

आणि हा फरक किरकोळही नाही. 1,500 शॉट्समध्ये .010 चा फरक म्हणजे 15 गोल. सहा गोलांमागे साधारण एक विजय, हा आकडेवारीवाल्यांचा जुना ठोकताळा. म्हणजे अडीच विजय, पाच गुण. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, जाणं आणि घरी बसणं यांत अनेकदा एवढंच अंतर असतं. सगळ्यात जास्त परिणाम करणारी जागा आणि सगळ्यात कमी भाकीत करता येणारी जागा एकच आहे, म्हणून ही पायरी अवघड.

मी स्वतः तोलतो ते असं. एक वर्ष कधीच बघत नाही. मागची तीन वर्षं एकत्र करून बघतो, म्हणजे चारेक हजार शॉट्स हाताशी येतात आणि नशीब बरंचसं गळून पडतं. त्याच्या जोडीला ‘अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले’ हा आकडा. शॉट कुठून आला, किती जवळून, रिबाउंड (अडवल्यावर उसळून परत आलेला) होता का, यावरून सरासरी गोलकीपरने किती गोल खाल्ले असते ते काढतात आणि आपल्या माणसाने किती खाल्ले ते त्यातून वजा करतात. ढिसाळ बचावामागे उभा असलेला चांगला माणूस इथे सापडतो. तिसरी गोष्ट दुखापती. कंबर आणि गुडघे, कारण फुलपाखरू पद्धतीत दर शॉटला गुडघे टेकून पाय बाहेर फेकायचे असतात. कमरेची शस्त्रक्रिया झालेल्या गोलकीपरला लांबचा करार देताना माझा तरी हात थांबतो.

प्लेऑफमधले वीस सामने बघून करार देऊ नका. मी पहिल्या वर्षी हेच केलं, एका झळकलेल्या माणसावर कॅपचे 8 टक्के लावले आणि जानेवारीपर्यंत तळाशी गेलो.

पायरी 5: आकडा वाढवा, वर्षं कमी करा

माझं या विषयात एकच ठाम म्हणणं आहे आणि ते हे: गोलकीपरच्या करारात धोका डॉलरमध्ये नसतो, वर्षांमध्ये असतो.

2006 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी रिक डीपिएट्रोला 15 वर्षांचा, 6 कोटी 75 लाखांचा करार दिला. वर्षाला 45 लाख. आकडा बघा, मुळीच अवाच्या सव्वा नाही. पण दुखापती सुरू झाल्या आणि शेवटच्या पाच हंगामांत मिळून तो पन्नासच सामने खेळू शकला. 2013 मध्ये करार तोडला तेव्हा आठ वर्षं शिल्लक होती. त्याचे वर्षाला 15 लाख 2029 पर्यंत चालू आहेत. त्या वर्षीच्या खास सवलतीमुळे ते कॅपमध्ये धरले जात नाहीत, एवढंच आयलंडर्सचं नशीब. डीपिएट्रोला मी दोष देत नाही. शरीर कुणाच्या हातात नसतं. म्हणूनच वर्षं मोजून द्यायची.

प्राइसचंही तसंच झालं. आठ वर्षांचा करार. 2021 मध्ये त्याने मॉन्ट्रियलला एकट्याच्या बळावर म्हणावं असं स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेपर्यंत नेलं. त्यानंतर गुडघ्याने साथ सोडली. पुढच्या हंगामात पाच सामने, आणि मग एकही नाही. करार मात्र 2026 पर्यंत चालू.

एडमंटनने 2022 मध्ये जॅक कॅम्पबेलला पाच वर्षांचे अडीच कोटी दिले. दुसऱ्या हंगामात पाच सामन्यांनंतर त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं, 2024 च्या उन्हाळ्यात करार तोडला. त्याचा हिशेब एडमंटनच्या वहीत 2029-30 पर्यंत राहणार आहे.

आता कोलोराडो. जॉर्जिएव्हचा करार तीन वर्षांचा, वर्षाला 34 लाखांचा, आणि 2024-25 हे शेवटचं वर्ष. त्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून दहाएक दिवसांत त्यांनी आपले दोन्ही गोलकीपर बदलले: स्कॉट वेजवूड आणि मॅकेन्झी ब्लॅकवूड आणले. जुना करार संपत आलेला होता म्हणूनच हे एवढ्या सहज जमलं. चूक झाली तरी ती उचलून बाजूला ठेवता येते, हा छोट्या कराराचा सगळ्यात मोठा फायदा.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात भक्कम उदाहरण सर्गेई बॉब्रोव्स्कीचं आहे आणि ते दिलंच पाहिजे. जुलै 2019 मध्ये फ्लोरिडाने त्याला सात वर्षांचे 7 कोटी दिले. तेव्हा तो तिशीत होता. पहिल्या हंगामात .900. चौथ्या हंगामाअखेर, 2023 च्या प्लेऑफला, तो बाकावर बसून होता आणि अ‍ॅलेक्स लायन खेळत होता. मग बॉस्टनविरुद्धच्या मालिकेत तो आत आला आणि संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला. 2024 आणि 2025 मध्ये लागोपाठ कप. सात वर्षांचा करार कुणाला विचारलं तरी सार्थकी लागला. पण फ्लोरिडाला त्यासाठी चार वर्षं वाट बघावी लागली आणि तेवढा काळ बाकीचा संघ स्वस्तात, उत्तम बांधता आला. तुमच्याकडे चार वर्षांचा धीर आणि बार्कोव्हसारखा कॅप्टन असेल तर जरूर करा.

तर नियम असा ठेवा. 10 टक्क्यांच्या वर जाणारा गोलकीपर तीन वर्षांच्या आकड्यांनी सिद्ध झालेला असेल तरच घ्या आणि पाच वर्षांवर जाऊ नका. एजंटला वर्षं हवी असतात. एक वर्ष कमी करून घेण्यासाठी दर वर्षाचा आकडा 5-10 लाखांनी चढवावा लागला तर चढवा. मधल्या फळीतल्याला दोन-तीन वर्षं पुरेत. सप्टेंबर 2026 पासूनच्या नव्या समझोत्यात कराराची कमाल मर्यादा आठवरून सात वर्षं आणि दुसऱ्या संघातून येणाऱ्या खेळाडूसाठी सातवरून सहा झाली आहे. मला ती अजूनही जास्तच वाटते.

पायरी 6: दुसरा गोलकीपर आधी ठरवा

बहुतेक जण उरलेल्या पैशांत दुसरा गोलकीपर बसवतात. असं करू नका. लागोपाठच्या रात्रीचे सामने असतात, प्रवास असतो. 82 पैकी पंचवीस-तीस सामने त्याच्या वाट्याला येतात.

व्हेगासने 2022-23 मध्ये पाच गोलकीपर वापरले. रॉबिन लेनर अख्खा हंगाम बाहेर, लोगन थॉम्प्सन जायबंदी, प्लेऑफमध्ये लॉरें ब्रॉसवा खेळत असताना तोही जायबंदी. मग एडिन हिल उतरला, जो आदल्या ऑगस्टमध्ये ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) चौथ्या फेरीच्या एका पिकच्या, म्हणजे निवडीच्या हक्काच्या, बदल्यात आलेला होता. 11 विजय, 4 पराभव, आणि कप. 2025 च्या प्लेऑफमध्ये एडमंटनने पहिले दोन सामने हरल्यावर स्टुअर्ट स्किनरला बसवून कॅल्विन पिकार्डला उतरवलं. वर्षाला 10 लाखांचा माणूस, त्याने लागोपाठ सहा सामने जिंकले. तो जखमी झाल्यावर स्किनर परतला आणि एक सामना गमावून पुढच्या दोन्ही सामन्यांत त्याने एकही गोल दिला नाही.

बॉस्टनची गोष्ट मला अजून टोचते. 2022-23 मध्ये लिनस उल्मार्क आणि जेरेमी स्वेमन यांची जोडी, 65 विजयांचा विक्रम. प्लेऑफमध्ये मात्र सलग सहा सामने उल्मार्क, आणि सातव्या सामन्यात थेट स्वेमन. फ्लोरिडाकडून पहिल्याच फेरीत बाहेर. जी जोडी वर्षभर आलटूनपालटून खेळवली तिला ऐन वेळी तसं खेळवलं नाही. पुढे उल्मार्कला ओटावाला दिलं, स्वेमनशी करार लांबला आणि सराव शिबिर संपल्यावर ऑक्टोबर 2024 मध्ये आठ वर्षांचे 6 कोटी 60 लाख ठरले. त्या हंगामात त्याची टक्केवारी .916 वरून .892 वर आली. यात नशीब किती आणि चुकलेलं शिबिर किती, हे पायरी 4 मधल्या गणिताने तुम्हीच ताडून बघा.

पायरी 7: तिसरा माणूस खालच्या लीगमध्ये

तिसऱ्याला 23 मध्ये ठेवू नका, जागा वाया जाते. पण खाली पाठवताना तो वेव्हर्समधून जावा लागतो का ते तपासा. लागत असेल तर कुठलाही संघ त्याला फुकट उचलू शकतो. कोवळे गोलकीपर बरीच वर्षं यातून मोकळे असतात, म्हणून तिसरा शक्यतो तरुण आणि आपल्या ड्राफ्टमधला ठेवा. गोलकीपरसाठी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचा पिक खर्चू नका. ड्राफ्टच्या क्रमात लुंडक्विस्ट 205 वा, कॉनर हेलेबक 130 वा आणि शेस्टर्किन 118 वा होता.

सगळेच जखमी झाले तर? फेब्रुवारी 2020 मध्ये टोरंटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले आणि 42 वर्षांचा डेव्हिड एअर्स उतरला, जो बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायचा. त्याने दहापैकी आठ शॉट्स अडवले आणि कॅरोलायना 6-3 जिंकली. टोरंटोच्या चाहत्यांसमोर हा विषय काढताना जपून.

पायरी 8: आता वही मांडा

2025-26 च्या 9 कोटी 55 लाखांची माझी वाटणी अशी: तेरा फॉरवर्ड 5 कोटी 25 लाख, सात बचावपटू 2 कोटी 90 लाख, दोन गोलकीपर 85 लाख. झाले 9 कोटी. उरलेल्या 55 लाखांतून बुडीत खातं वळतं करा, आणि निदान 15 लाख हात न लावता ठेवा. 85 लाखांत एक 60-65 चा आणि एक 20-25 चा असे दोघे बसतात. तुमच्याकडे शेस्टर्किन असेल तर फॉरवर्डच्या चौथ्या फळीत तीनही जण किमान पगाराचे, म्हणजे 7 लाख 75 हजारांचे घ्यावे लागतील, हे तेव्हाच मान्य करून टाका.

पायरी 9: ती 15 लाखांची शिल्लक मार्चपर्यंत सांभाळा

कॅप रोजच्या रोज मोजला जातो. हंगाम 190 दिवसांचा धरला आणि ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, अंतिम मुदतीला हंगामाचे 40 दिवस उरले असतील, तर ऑक्टोबरपासून न खर्चलेले 15 लाख तेव्हा 71 लाखांच्या कॅप हिटचं वजन पेलू शकतात (15 गुणिले 190, भागिले 40). त्यात समोरच्या संघाने निम्मा पगार स्वतःकडे ठेवला, आणि निम्म्यापर्यंत ठेवता येतो, तर तुमची झेप दुप्पट होते. दीर्घ दुखापतीच्या यादीचा आधार घेऊन प्लेऑफमध्ये कॅप ओलांडायची जुनी वाट 2025-26 पासून बंद झाली आहे. आता सामन्यात उतरणारे वीसही जण कॅपमध्ये बसावे लागतात.

मुदतीच्या त्या आठवड्यात सगळे जण गोल करणाऱ्यांच्या मागे लागतात. तुम्ही आधी एक काम करा: दोन्ही गोलकीपरचे ऑक्टोबरपासूनचे सामने, शॉट्स आणि अपेक्षेपेक्षा वाचवलेले गोल एका ओळीत लिहा, मुख्य माणसाने पन्नाशी ओलांडली असेल तर उरलेल्या लागोपाठच्या रात्री मोजा, आणि दुसऱ्याच्या कराराला किती वर्षं उरली आहेत ते बघा. त्या ओळीत खोट दिसली तर पहिला फोन गोलकीपरसाठी लावा, आणि चालू हंगामातच करार संपणारा माणूस मागा.